स्वसंरक्षणासाठी कोणता क्लास लावायचा? कराटे, ज्युदो, बॉक्सिंग की क्राव्ह मागा

हा प्रश्न मला सारखा कुणी ना कुणी विचारतं, मुलीला कराटे लावू का क्राव्ह मागा (इस्रायलच्या सैन्यातून आलेली स्वसंरक्षणाची पद्धत), किंवा माझी चाळिशी आली, आता बॉक्सिंग जमेल का, आणि दर वेळी मी आधी एकच विचारते, त्या क्लासमध्ये समोरचा माणूस खरंच विरोध करतो का? म्हणजे तुम्ही त्याला पाडायला गेलात तर तो न पडण्यासाठी पूर्ण जोर लावतो का, का तुमची वाट बघत छान उभा राहतो? माझ्या मते नव्वद टक्के उत्तर इथेच मिळतं, क्लासच्या पाटीवर काय लिहिलंय ते नंतर बघायचं.

हे मला उशिरा कळलं. मी सात वर्षं कराटे केलं, काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली) एकदम नीट यायचे, परीक्षा सगळ्या पास. मग एकदा ज्युदोच्या क्लासला सहज म्हणून गेले आणि माझ्यापेक्षा किरकोळ अंगाच्या, जेमतेम वर्षभर शिकलेल्या एका मुलीने माझी कॉलर आणि बाही धरली, मी ठोसा मारायला हात मागे घेतेय तोवर माझी पाठ मॅटवर टेकलेली. उठले, परत तेच. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण सात वर्षं मी हे धरून चालले होते की वेळ आली तर मी स्वतःला वाचवू शकते. आमच्या त्या क्लासमध्ये कुणी कुणाला कधी घट्ट धरलंच नव्हतं हो, सगळा सराव हवेत नाहीतर एक पाऊल पुढे येऊन थांबणाऱ्या पार्टनरवर.

ज्युदो ज्यांनी उभा केला त्या जिगोरो कानोंनी 1882 साली जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येमधून सरावासाठी काय घ्यायचं नि काय बाजूला ठेवायचं हे ठरवताना हाच विचार केला होता. ज्या डावांनी मित्राचा हात मोडेल किंवा डोळा जाईल ते मोकळ्या सरावातून काढले, आणि फेकणं, दाबून धरणं, गळा आवळणं असं पूर्ण ताकदीने रोज करता येईल ते ठेवलं. कागदावर बघाल तर हत्यारं कमी झाली, पण रोज विरोध करणाऱ्या माणसाशी झुंजायला मिळालं, त्याला रांदोरी म्हणतात, आणि त्यामुळे शिकणारा तयार झाला. बॉक्सिंग, कुस्ती, मुए थाई (थायलंडचं बॉक्सिंग, त्यात लाथा, गुडघे, कोपरही चालतात), ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर झुंजायची, ज्युदोतून निघालेली कला) या सगळ्यांची ताकद त्यातच आहे. उलट जिथे सांगतात की आमचे डाव इतके घातक आहेत की ते खरे करूनच बघता येत नाहीत, तिथे मी थांबत नाही.

आता एकेक बघू.

बॉक्सिंग सगळ्यात लवकर कामाला येतं. तीन-चार महिन्यांत पाय हलायला लागतात, अंतर कळायला लागतं, आणि मुख्य म्हणजे तोंडावर फटका बसला तरी माणूस गोठत नाही, ही गोष्ट दुसऱ्या कशाने येत नाही. पण बॉक्सरच्या हाताला पट्ट्या आणि ग्लव्हज असतात, उघड्या मुठीने डोक्याच्या हाडावर मारलं तर करंगळीमागचं हाड मोडू शकतं, डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. म्हणून बाहेरच्यासाठी तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या जाड भागाने, मारायचा सराव वेगळा करून ठेवा. आणि कुणी घट्ट मिठी मारली की बॉक्सिंग जवळपास संपतं, कारण तिथे रेफरी येऊन सोडवतो.

मुए थाईमध्ये तसं नाही, मान धरून गुडघे मारणं, कोपर मारणं हेच त्याचं घर. दार, लिफ्ट, बस अशा अडचणीच्या जागेत कोपर फार उपयोगी. क्लासमध्ये आठवड्यातून एकदा तरी मान पकडून झुंजायला लावतात का ते मात्र विचारा, नुसतं पॅडवर किक मारून घाम काढणारे क्लास पण भरपूर आहेत, फिटनेससाठी ते चांगले, आपल्या कामाचे नाहीत.

कराटेबद्दल सरसकट काही बोलता येत नाही. मासुतात्सु ओयामांनी सुरू केलेल्या क्योकुशिन या कराटेच्या प्रकारात ग्लव्हजशिवाय अंगावर पूर्ण जोराने मारतात, तिथली माणसं मार खाण्यात दणकट होतात, पण स्पर्धेत तोंडावर ठोसा चालत नाही म्हणून हात खाली राहायची सवय लागते. पॉइंटवाल्या कराटेमध्ये अंतर आणि वेग जबरदस्त, फक्त स्पर्श झाला की थांबायचं ही सवय बाहेर महागात पडते. तायक्वांदोचंही तसंच, ऑलिंपिकच्या नियमात डोक्यावर ठोसा मारायला परवानगी नाही. ज्या नियमात तुम्ही रोज खेळता त्याच सवयी घाबरल्यावर बाहेर येतात, एवढं लक्षात ठेवलं तरी कुठल्याही प्रकाराची कमी बाजू तुमची तुम्हालाच ओळखता येईल. आयकिडो (समोरच्याचा जोर वळवून त्याला पाडायची जपानी कला) मन शांत करायला, पडायला शिकायला छान, पण बहुतेक ठिकाणी पार्टनर स्वतःच साथ देत पडतो, त्यामुळे फक्त त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

क्राव्ह मागाला सगळ्यात जास्त मागणी आहे आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच बघितलीय मी. मूळ विचार अगदी बरोबर आहे, क्राव्ह मागा ज्याने उभं केलं तो इमी लिख्टेनफेल्ड 1930 च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यूंवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांशी रस्त्यावर लढला, तिथे त्याला कळलं की खेळातलं सगळंच तसंच्या तसं चालत नाही, आणि पुढे ते इस्रायलच्या सैन्यात गेलं. पण तो स्वतः कुस्ती आणि बॉक्सिंगमधला मुरलेला खेळाडू होता हे लोक विसरतात, पाया तिथे आधीच पक्का होता. आज थोड्या दिवसांच्या कोर्सवर ट्रेनर झालेला माणूस तोच अभ्यासक्रम पाया नसलेल्यांना शिकवतो तेव्हा नुसते हातवारे उरतात. स्पॅरिंग, म्हणजे विरोध करणाऱ्या पार्टनरशी मोकळी झुंज, होत असेल तर क्राव्ह मागा जरूर लावा.

आता कुस्ती, ज्युदो आणि जिउ-जित्सू. यावर मी जास्त बोलणार, कारण बऱ्याच झटापटी धराधरीत जातात आणि घाबरलेला माणूस आधी धरतोच. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये यूएफसी ही वेगवेगळ्या प्रकारांच्या लढवय्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, त्यात जिउ-जित्सूवाल्या, अंगाने बेताच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या, तिन्हीत समोरच्याला हार मानायला लावली, आणि त्यानंतर ज्याला खाली पडल्यावर काय करायचं ते माहीत नाही तो अर्धवट तयार हे जगाला पटलं. फक्त तिथे समोर एकच माणूस होता. रस्त्यावर खाली फरशी असते आणि दुसरा माणूस लाथ घालायला मोकळा असतो, म्हणून जिउ-जित्सू शिका ते खालून निसटून उभं राहण्यासाठी, खाली जाऊन बसण्यासाठी नाही. ट्रेनरला सांगून हे उठणं रोज वीस वेळा करा: उजवा हात मागे टेकवा, डावा हात तोंडासमोर, डावा पाय दुमडून पाऊल जमिनीवर, मग त्या हातावर आणि पायावर वजन घेऊन बूड उचला, उजवा पाय अंगाखालून मागे काढा आणि उभे राहा, नजर समोरच्यावरून हलू द्यायची नाही.

आणि पडणं. हे सगळ्यात कामाचं कौशल्य आहे असं मला मनापासून वाटतं, कारण भांडणात डोकं फरशीवर आपटून माणूस जाऊ शकतो, आणि पाय घसरून तर कुणीही कधीही पडतं. मागे पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ गोल करायची, खाली बसत बसत मागे लोळायचं, दोन्ही हात अंगापासून साधारण 45 अंशांवर ठेवून सबंध बाहू मॅटवर आपटायचे. हात मागे टेकवून पडणं थांबवायचं नाही, मनगट मोडायची तीच वेळ. ज्युदोवाले हे पहिल्या दिवसापासून करून घेतात.

क्लास खरा का दिखाऊ हे बघायचं असेल तर मनगट सोडवण्याचा डाव घ्या, तो सगळीकडे शिकवतात. समोरच्याच्या पकडीत सगळ्यात ढिली जागा म्हणजे अंगठा आणि बोटांची टोकं भेटतात ती फट. तुमच्या मनगटाची अंगठ्याकडची पातळ कड त्या फटीसमोर आणायची, कोपर पोटाजवळ, एक पाऊल त्याच्याकडे टाकायचं म्हणजे हात वाकायला जागा होते, आणि मग कोपर झटक्यात वाकवून हात फटीतून बाहेर. छान निसटतो. आता पार्टनरला सांगा की दोन्ही हातांनी धर, ओढत भिंतीपर्यंत ने, मधेच दुसऱ्या हाताने ढकल. बहुतेकांचा डाव इथे फसतो. चांगला ट्रेनर यावर खूश होतो आणि पुढचं शिकवतो, वाईट ट्रेनर म्हणतो तू चुकीचं धरतेयस.

चाकूचंही तसंच. जुना पांढरा टी-शर्ट घाला, पार्टनरच्या हातात मार्कर द्या आणि सांगा की 30 सेकंद जसं जमेल तसं टोचत राहा, हात लगेच मागे घेत राहा. नंतर टी-शर्टवर किती रेघा आहेत ते मोजा. मी हे केलंय, दहा-बारा वर्षं शिकलेल्यांच्या अंगावरही रेघा असतात. म्हणून पाकीट, फोन, गाडीची किल्ली जे मागेल ते देऊन टाकायचं, मधे टेबल, खुर्ची, बॅग काहीही ठेवायचं आणि पळायचं. झटापट फक्त पळायला रस्ताच नसेल तेव्हा.

मुलींसाठी विचारणाऱ्यांना एक खास सांगते. त्रास देणारा बऱ्याचदा अनोळखी नसतो, ओळखीचा असतो, तिथे नाकावर ठोसा मारायच्या आधी नाही म्हणायची, आवाज चढवायची, उठून जायची हिंमत लागते आणि तीही सरावाने येते. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलींना एकूण बारा तासांचं असं प्रशिक्षण दिलं, धोका ओळखणं, मनातला संकोच मोडणं आणि थोडी झटापट, 2015 साली त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्यांमध्ये 9.8 टक्के होतं आणि घेतलेल्यांमध्ये 5.2 टक्के. फक्त बारा तास हो! म्हणून कुठल्याही क्लासमध्ये ओरडायचा सराव होतो का ते विचारा: दोन्ही तळवे छातीसमोर उघडे, एक पाय मागे, दोन हातांचं अंतर, आणि पोटातून 'तिथेच थांब!' पहिल्यांदा आवाजच फुटत नाही, खरंच फुटत नाही, म्हणूनच करायचं.

माझं मत विचाराल तर धराधरीचा एक प्रकार वर्षभर, म्हणजे कुस्ती, ज्युदो किंवा जिउ-जित्सू जो जवळ असेल आणि जिथे रोज मोकळी झुंज होते तो, आणि मग सहा महिने बॉक्सिंग किंवा मुए थाई. गुडघे दुखत असतील तर ज्युदोचं फेकणं जड जातं, तिथे बॉक्सिंगने सुरुवात करा. मुलांना ज्युदो नाहीतर कुस्ती, पडायला लहानपणीच शिकावं.

पैसे भरायच्या आधी झुंजीच्या दिवशी जाऊन तासभर नुसतं बघा. नवीन माणसाला जुने सांभाळून घेतात का, पार्टनरने हार मानली म्हणून हाताने थापटलं की पकड लगेच सुटते का, डोक्याला मार लागलेल्याला बाहेर बसवतात का. पहिल्याच महिन्यात नवख्यांना डोक्यावर जोरात मार बसत असेल तर तो क्लास कितीही नावाजलेला असो, परत जाऊ नका. आणि पहिल्या दिवशी नखं कापून जा, अंगठी, कानातलं, घड्याळ काढून ठेवा, जुनी दुखापत असेल तर ती ट्रेनरला आधीच सांगा.