अर्ध्या दाण्यातून जलद डीएनए काढताना
तृणधान्याचा दाणा आडवा कापून भ्रूणाचा भाग क्रमांक घालून पेरणीसाठी जपावा. उरलेल्या भ्रूणपोषावरील (दाण्यातील पिठूळ अन्नसाठ्यावरील) साल खरवडून काढावी, कारण ती केवळ मातृरोपाची ऊती असते. भ्रूणपोषाची चिमूटभरच पूड घ्यावी. पूड जास्त झाल्यास तापवल्यावर स्टार्चची खळ होते आणि द्रव निवळत नाही.

पुडीत 25 मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे, अत्यल्प ईडीटीए (धातूंचे आयन बांधून डीएनए जपणारे रसायन) असलेले 100 मायक्रोलिटर द्रावण घालून 95 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवावे, थंड करून अल्कली उदासीन करण्यासाठी तेवढेच 40 मिलिमोलर ट्रिस-हायड्रोक्लोराइड मिसळावे आणि सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ द्रव 1 मायक्रोलिटर पीसीआरला (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणाऱ्या अभिक्रियेला) वापरावा. अभिक्रिया फसल्यास डीएनएचे प्रमाण वाढवू नये, उलट द्रव दहापट विरल करून पाहावा. बहुधा पॉलिसॅकराइड्सच (स्टार्चसारख्या बहुशर्कराच) अडथळा आणतात.

हा डीएनए अशुद्ध आणि एकपदरी असल्याने दीर्घ साठवणीस किंवा रिस्ट्रिक्शन विकरांच्या (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या विकरांच्या) कामास योग्य नाही. तिथे वेळखाऊ असली तरी सीटीएबी पद्धतच (सीटीएबी या अपमार्जकाने डीएनए शुद्ध करण्याची) मला विश्वासार्ह वाटते. शिवाय भ्रूणपोषात मातेचे दोन आणि पित्याचा एक गुणसूत्रसंच असतो, त्यामुळे विषमयुग्मजी (एकाच जनुकाची दोन भिन्न रूपे असलेल्या) दाण्यात जेलवर त्या दोन्ही रूपांच्या डीएनए-पट्ट्या सारख्या ठळक दिसतीलच असे गृहीत धरू नये. प्रत्येक दाण्यानंतर पाते पुसावे आणि दूषण झाल्यास कळावे म्हणून दाण्याविना एक नळी सोबत चालवावी.