सुरक्षा-त्रुटीचं निवेदन लिहिताय? या चुका टाळा

नागपूरच्या आयटी पार्कात नऊ वर्षं मी सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा-त्रुटी ग्राहकांना कळवणारी निवेदनं लिहितोय. नवीन मुलं जुनं निवेदन मागतात, तारीख बदलतात आणि पाठवून मोकळी होतात. घोळ तिथेच होतो.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘गैरवापराचा कोणताही पुरावा आढळलेला नाही’. 2019 मध्ये मीही तेच लिहिलं होतं. आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये पावतीच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याची पावती उघडायची. ही त्रुटी चार महिने तशीच होती. ऐन अंबिया बहाराच्या संत्र्यांच्या आवकेत कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्याचा फोन आला. ‘भाऊ, पुरावा नाही म्हणता, पण पाह्यलं किती दिवसाचं?’

मी सर्व्हर उघडला. लॉग, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याच्या नोंदी, सातच दिवसांचे. आठव्या दिवशी आपोआप पुसले जात. त्याआधी कोणी काय पाहिलं, हे कळायला मार्गच नव्हता. आणि त्या पावत्यांवर शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, मिळालेला भाव, सगळं होतं. मी दुरुस्त निवेदन काढलं आणि त्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर जाऊन माफी मागितली.

तेव्हापासून आधी सर्वांत जुन्या लॉगची तारीख वहीत लिहितो, मग निवेदन. ‘12 ते 18 नोव्हेंबरचे लॉग तपासले, त्यांत गैरवापर दिसला नाही. त्याआधीचे उपलब्ध नाहीत.’ वरिष्ठ कुरकुरतात, तरी मी वाक्य बदलत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार आता लॉग 180 दिवस ठेवावेच लागतात.

लोकांचे पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या लास्टपास कंपनीने ऑगस्ट 2022 मध्ये ग्राहकांच्या डेटापर्यंत कोणी पोचल्याचा पुरावा नाही असं कळवलं. तेव्हा चोरीला गेलेल्या माहितीच्या आधारे पुढचा हल्ला झाला, आणि ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांच्या बॅकअपची प्रत गेल्याचं डिसेंबरमध्ये सांगावं लागलं.

दुसरी चूक, धोका किती हे आपणच ठरवणं. 1994 मध्ये पेंटियम चिपचा भागाकार चुकत होता. ती बनवणारी इंटेल कंपनी म्हणाली, सामान्य वापरकर्त्याला ही चूक 27,000 वर्षांतून एकदा भेटेल. लोक भडकले. डिसेंबरमध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यावी लागली, खर्च 47.5 कोटी डॉलर.

‘मोजके ग्राहक’ लिहू नका, आकडा द्या. ‘सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य’ सरळ खोडा. त्रुटी कळवणाऱ्याला हॅकर म्हणू नका. त्याला विचारून नावानिशी आभार माना. शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका, दुकानातला कॉम्प्युटरवाला सोमवारीच येतो.

आणि ‘लवकरात लवकर अपडेट करा’ एवढ्यावर थांबू नका. मी लिहितो: मदत मेनू उघडा, तळाशी नवा आवृत्ती क्रमांक 4.2.1 दिसला पाहिजे, जुना 4.2.0 दिसला तर आजच फोन करा.