घरी बनवलेल्या टॉर्चचे फोटो काढायला बसण्याआधी

झाकण फिरवून बंद करायच्या आत आतले फोटो काढून घ्या. तांब्याच्या पाटीवर बसवलेला एलईडी, खाली थर्मल पेस्ट (उष्णता पाटीत उतरवणारा लेप) किती पातळ पसरलीय, ड्रायव्हरवरचे, म्हणजे एलईडीला वीज मोजून देणाऱ्या सर्किटवरचे, सोल्डरचे ठिपके, वायर कुठून वर आलीय. एकदा थर्मल ग्लूने चिकटवलं की उघडताना काहीतरी तुटतंच. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी प्लास्टिकची मोजपट्टी ठेवा. टॉर्चमधला 18650 हा चार्ज होणारा लिथियम सेल ठेवला तरी चालेल, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब हे जाणकारांना पाठच असतं. पण सुटा सेल पक्कड-चिमट्यांच्या सजावटीत नको. त्याचं वरचं टोक धन आणि बाकीचा सगळा डबा ऋण, मधे आहे ते पातळ प्लास्टिकचं वेष्टण. ते फाटलेलं असलं तर शॉर्ट व्हायला फार काही लागत नाही.

रिफ्लेक्टरला बोट लावू नका. लागलंच तर पुसत बसू नका, मऊ कापडानेही ओरखडे उठतात आणि फोटोत नेमके तेच उठून दिसतात. धूळ रबरी ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकलं की थुंकी उडते.

लेन्स पुसणं, अंधारी जागा, ट्रायपॉड हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

दोन टॉर्चच्या झोतांची तुलना करणार असाल तर एक्सपोजर लॉक करा, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो ते बांधून टाका. मागच्या वेळी माझी सगळी तयारी होती, भिंतीपासूनचं अंतरसुद्धा मोजलेलं. एक जुनी टॉर्च, जेमतेम 200 लुमेनची (लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणारा एकूण उजेड), आणि एक तीन आठवडे खपून बनवलेली, 3,000च्या आसपास. दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर भिंत सारखीच पांढरी. खरं सांगायचं तर जुनीचाच झोत जरा देखणा आला होता. कॅमेरा ऑटोवर होता. उजेड वाढला की तो शटरचा वेळ कमी करतो, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, उतरवतो आणि पंधरापटीचा फरक गुपचूप गिळून टाकतो. ज्या मित्राला कौतुकाने फोटो दाखवले तो म्हणाला, "मग नवीन कशाला बनवलीस?"

म्हणून मॅन्युअल मोड. आयएसओ एकच, शटर एकच, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता धरायचा ते) 5,000 केल्विनच्या आसपास बांधलेला. तोही ऑटोवर राहिला तर पिवळसर आणि निळसर एलईडीतला फरक कॅमेरा पुसून टाकतो. आकडे सगळ्यात प्रखर टॉर्चवर बसवा, झोताचा मधला भाग नुसता पांढरा गोळा होणार नाही इतपत. मग हात लावू नका. जुन्या टॉर्चचा फोटो काळाकुट्ट आला तरी हात लावू नका, तो तसाच यायला हवा. फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून होणाऱ्या लॉकवर विसंबू नका, पुन्हा बोट लागलं की तो सुटू शकतो. नाइट मोड बंद, एचडीआर बंद. हे दोघे चार फोटो मिसळून सावल्या उजळतात, म्हणजे लॉक असून नसल्यासारखाच. शटर मात्र फार वेगवान नको. ड्रायव्हर पीडब्ल्यूएमने, म्हणजे एलईडी भराभर चालू-बंद करून, उजेड कमी करणारा असेल तर फोटोत काळे पट्टे येतात.

सेल दोन्ही टॉर्चमध्ये पूर्ण भरलेले, 4.2 व्होल्टचे. टॉर्च लावल्यावर 30 सेकंद थांबा, कारण एलईडी तापला की उजेड उतरतो आणि पहिल्या क्षणाचा फोटो म्हणजे थाप. टॉर्च मोजण्याच्या एएनएसआय एफएल 1 या प्रमाण पद्धतीतही लुमेन 30 सेकंदांनंतरच मोजतात. थांबलात? लॉक बघा.

पेटलेली टॉर्च काच खाली करून टेबलावर ठेवू नका. एवढ्या उजेडाने कापड करपतं, आणि फोटोच्या नादात ते वास येईपर्यंत कळत नाही. एलईडीचा जवळून फोटो हवा असेल तर सगळ्यात मंद मोडवर, तेव्हाच त्यातले पिवळे चौकोन सुटे दिसतात.

पल्ला सांगायचा तर कँडेलाच्या (झोताच्या मध्याची तीव्रता) वर्गमुळाची दुप्पट करा, मीटर मिळतात: 40,000 कँडेला म्हणजे 400 मीटर. पण त्या टोकाला उजेड उरतो पाव लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप), साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्या लांबचं झाड फोटोत दिसलं नाही म्हणून एक्सपोजर वाढवायला जाऊ नका. सांगितलं ना, हात लावायचा नाही.

बाकी पटापट. झोत खिडक्यांवर, रस्त्यावर, आकाशात नको. टायमर लावा. अंतर, मोड, सेटिंग कागदावर. फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यातलं लोकेशन काढा, नाहीतर घराचा पत्ताही जातो. आवरताना सेल काढून ठेवा, बॅगेत बटण दाबलं जातं. आणि दुसरी टॉर्च उचलण्याआधी सेटिंगचे आकडे परत वाचा. मोठ्याने.