प्लांटमध्ये वायरलेस निवडताना आधी काय बघायचं

वायरलेस घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न रेंजचा येतो. त्याआधी ठरवा: रीडिंग किती उशिरा आलं तर चालेल?

टाक्या लांब विखुरलेल्या असतील आणि लेव्हल १५ मिनिटांनी एकदा कळली तरी पुरत असेल, तर लोरावॅन, म्हणजे लांब पल्ल्याचं पण संथ, कमी बॅटरी खाणारं रेडिओ नेटवर्क घ्या. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये त्याला परवाना लागत नाही. मात्र एसएफ १२ वर (त्यातला सर्वांत संथ पण सर्वांत लांब पोहोचणारा वेग) ५१ बाइटचा एक संदेश जायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, आणि क्लास ए (बॅटरी वाचवणाऱ्या साध्या प्रकारचं) उपकरण स्वतः काही पाठवल्यावरच क्षणभर ऐकतं. त्यावरून व्हॉल्व्ह चालवू नका.

एजीव्हीला (चालकाशिवाय माल वाहणारी गाडी) आणि कॅमेऱ्यांना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. ॲक्सेस पॉइंट बदलताना लिंक तुटते. तो खंड पीएलसीच्या (यंत्र चालवणारा नियंत्रक) वॉचडॉगपेक्षा, म्हणजे संपर्क तुटल्यावर तो जितका वेळ वाट बघतो त्यापेक्षा, मोठा झाला की गाडी जागेवर थांबते. म्हणून चाचणी गाडी पूर्ण फेरीवर पळवूनच घ्या.

दाब, तापमान, फ्लो यांच्या देखरेखीसाठी वायरलेसहार्ट किंवा आयएसए १००.११ए, ही सेन्सरसाठीची दोन औद्योगिक वायरलेस मानकं. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर, रेडिओही एकाच जातीचा, तरी एकाचा ट्रान्समीटर दुसऱ्याच्या गेटवेला (सगळ्या उपकरणांचं रीडिंग गोळा करणारा डबा) जोडला जात नाही. तुमच्या इन्स्ट्रुमेंट विभागाकडे हार्टचा (वायरने जोडलेल्या उपकरणांचं जुनं मानक) हँडहेल्ड, म्हणजे उपकरणं सेट करायचं हातातलं यंत्र असेल तर वायरलेसहार्टच सोयीचं.

आता वायरलेसहार्टची मांडणी, कारण नेटवर्क बहुधा इथेच फसतं. यात उपकरणं एकमेकांचे संदेश पुढे गेटवेपर्यंत पोहोचवतात. नकाशावर गेटवेभोवती वर्तुळ काढा: पाइप आणि व्हेसलची दाटी असेल तर ३० मीटर, मध्यम अडथळे असतील तर ७५, मोकळं असेल तर १५०. त्या वर्तुळात किमान पाच उपकरणं हवीत, आणि एकूण संख्येच्या किमान २५ टक्के. प्रत्येक उपकरणाला तीन शेजारी हवेत. दोनच असले आणि मध्ये स्कॅफोल्डिंग उभं राहिलं, तर एकाच वाटेवर सगळा भार येतो. कमी पडेल तिथे रिपीटर (संदेश फक्त पुढे पाठवणारं उपकरण) टाका. अँटेना उभा ठेवा, लोखंडापासून निदान अर्धा मीटर दूर.

आधी गेटवे चालू करा, मग जवळची उपकरणं, शेवटी लांबची. उलट क्रमाने गेलात तर लांबचं उपकरण वाट शोधत बॅटरी खात बसतं. जॉइन होत नसेल तर आधी नेटवर्क आयडी आणि जॉइन की (नेटवर्कमध्ये शिरण्याचा पासवर्ड) तपासा. अपडेट रेट (रीडिंग किती वेळाने पाठवायचं) सरसकट एक सेकंद ठेवू नका. टाकीच्या तापमानाला ६० सेकंद पुष्कळ झाले.

शेजारी २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असेल तर त्याला १, ६, ११ याच चॅनेलवर, २० मेगाहर्ट्झ रुंदीत बांधून ठेवा. मग १५, २० आणि २५ हे वायरलेसहार्टचे चॅनेल त्यांच्या फटींत मोकळे राहतात. ४० मेगाहर्ट्झ केलंत की त्या फटी बुजतात.