दिवाळी अंकासाठी चित्रकाराची मुलाखत घेताना

‘प्रेरणा कुठून मिळते?’ हा प्रश्न घरीच ठेवून जा. त्याचं उत्तर समोरच्याला पाठ असतं. कामाचं विचारा. जुनी स्केचबुकं काढायला सांगा. कच्चं रेखाटन समोर आलं की माणूस आपसूक बोलू लागतो: ही रेघ का पुसली, निळ्यावर गेरू का चढवला, काम थांबवायचं कधी ठरवलं.

दीड तासाला दहा-बारा प्रश्न पुरतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग थांबू शकतं. फोनखाली घडी घातलेला रुमाल ठेवा. नुसत्या टेबलावर कपबशीचा खडखडाट थेट माइकमध्ये जातो. पंखा बंद, निदान मंद.

उत्तर संपलं की चार-पाच सेकंद गप्प बसा. मोलाचं वाक्य बऱ्याचदा तेव्हाच येतं. (हे सगळ्यांत अवघड.)

तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला सहज चार तास जातात. संपादकाला तारीख देताना ते धरा. मजकूर कापताना आधी स्वतःचे प्रश्न कापा. बोलीतलं ‘व्हतं’, ‘न्हाई’ शुद्ध करत बसू नका. नावं आणि सालं मात्र छापण्याआधी चित्रकाराकडूनच तपासून घ्या.