शेवटची बस आणि रात्रभर ढवळत राहणारी रिअॅक्शन

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये पाय ठेवला तेव्हा रसायनशास्त्रापेक्षा बसचं वेळापत्रक मला जास्त पाठ होतं. घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढे. लॅब ताळगाव पठारावर; तिथून आधी पणजीचं बसस्थानक गाठायचं, मग साखळी, होंडा करत घरी. आणि माझी रिअॅक्शन मागायची आठ तासांचं रिफ्लक्स, म्हणजे द्रावक उकळत ठेवायचं आणि वाफ थंड करून परत खाली आणायची. खाली तापलेला मॅन्टल (हीटर), आत उकळता द्रावक, वर कंडेन्सरमधून फिरणारं पाणी. ते तसंच सोडून जाता येत नाही. पाण्याची नळी निसटली तर आग लागू शकते. म्हणून मी रिअॅक्शन अर्ध्यावर थांबवायचे, जे हाती येईल ते वहीत लिहायचे. यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, कधीच धड आलं नाही. दोन महिने कोणाला बोलले नाही. मला हे जमतच नाही असं वाटू लागलं होतं.

शेवटी मार्गदर्शक बाईंना बसचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कागद घेऊन त्यांनी मार्गच बदलला: एका रेणूच्या टोकाला अझाइड (तीन नायट्रोजनची साखळी), दुसऱ्याच्या टोकाला अल्काइन (दोन कार्बनमधला तिहेरी बंध), आणि तांब्याच्या मदतीने दोन्ही जोडायचे. यालाच क्लिक रसायन म्हणतात. पाणी आणि ब्युटॅनॉलचं मिश्रण, थोडं मोरचूद, थोडं सोडियम अॅस्कॉर्बेट म्हणजे क जीवनसत्त्वाचा क्षार, आणि साधं खोलीचं तापमान. संध्याकाळी स्टररवर ठेवायचं आणि बस पकडायची. सकाळी टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या पट्टीवर, सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका गेलेला आणि नवा एकच ठिपका आलेला पाहिला, तेव्हा मी अटेंडंट काकांना हाका मारून बोलावलं होतं.

याच रसायनासाठी २०२२ चं नोबेल मेल्डाल, शार्पलेस आणि कॅरोलिन बर्टोझी यांना मिळालं. बर्टोझींचा भाग मला जास्त भावतो. तांबं जिवंत पेशींना विषारी ठरतं, म्हणून त्यांनी तांब्याशिवाय चालणारी जोडणी शोधली. अल्काइन आठ अणूंच्या कड्यात ताणून बसवलं की ते आपणहून जुळायला उतावीळ होतं. पेशीला न दुखावता तिच्या आत रसायन करता येतं, ते यामुळे. पण एक सांगून ठेवते. लहान अझाइड स्फोटक असतात. सोडियम अझाइड आम्लाजवळ किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये कधीच नेऊ नका, आणि रात्रभर ठेवलेल्या प्रत्येक फ्लास्कजवळ तुमचं नाव, आतली रसायनं आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच.

आता भाषेचं. गावातली माझी शाळा चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून सगळं इंग्रजी. लॅबमध्ये काकांशी कोंकणी, बाईंशी इंग्रजी, आणि डोक्यात मराठी. मी कृती आधी मराठीत लिहायचे: ‘बर्फात ठेव, थेंब थेंब घाल, रंग पिवळा झाला की थांब.’ इंग्रजी नोंद त्यावरून करायची. यात कमीपणा मुळीच नाही. हाताने काय करायचं ते ज्या भाषेत पक्कं बसतं, त्या भाषेत चुका कमी होतात. मौखिक परीक्षेसाठी मात्र मोठ्याने इंग्रजीत बोलायचा सराव करा, मैत्रिणीला समोर बसवून.

गोव्यातला पाऊस पुस्तकात सापडत नाही, म्हणून तोही सांगते. जुलैत सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे वजन करता करता ओले होतात. आयआरसाठी (रेणूतले गट ओळखणारी अवरक्त किरणांची चाचणी) पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना मिसळून चकती केली तर ती हवेतलं पाणी ओढते, आणि आलेखात ३४०० cm⁻¹ च्या आसपास एक रुंद पट्टा येतो. तो पाहून मी आठवडाभर समजत होते की माझ्या रेणूत ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट आहे! ब्रोमाइड ओव्हनमध्ये वाळवा, डेसिकेटरमधलं (ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यातलं) सिलिका जेल निळं आहे ना ते बघा, आणि चकती झाली की लगेच मोजा.

हवेतलं हेच पाणी मुद्दाम पकडणारे पदार्थही आहेत. धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून बनवलेले जाळीदार स्फटिक, ज्यांसाठी २०२५ चं नोबेल कितागावा, रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. याघी अम्मानमध्ये निर्वासित कुटुंबात वाढले, घरात नळाचं पाणी नव्हतं. पुढे त्यांच्या गटाने वाळवंटातल्या कोरड्या हवेतून पाणी काढून दाखवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा, त्यामुळे हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला लाल-हिरवा फरक दिसत नव्हता. टायट्रेशनमध्ये मिथिल रेड या दर्शकाचा रंग बदलला कधी ते त्याला कळेना, आणि दर वेळी गुण जायचे. सरांना सांगितल्यावर त्याला पीएच मीटर मिळाला. त्याचे आकडे वर्गात सगळ्यांत नेमके येऊ लागले.

पैशांचं आणि वेळेचं थोडक्यात: सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडं भत्ता. स्त्रियांना जेआरएफच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीच्या काळात बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि स्त्रियांना तसंच ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना पीएचडी पूर्ण करायला २ वर्षं जास्तीची. हे प्रवेशाआधीच वाचून ठेवा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर डीएमएफसारख्या, गर्भाला अपाय करू शकणाऱ्या द्रावकांपासून दूर राहायचं आहे हे मार्गदर्शकांना सांगा. तेवढ्या काळापुरतं संगणकावर गणनेचं काम घेता येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम मागायला प्राध्यापकांना ईमेल कराल तेव्हा तो छोटा ठेवा. त्यांच्या कामातलं काय वाचलं, त्यातलं काय कळलं नाही, तुमच्याकडे किती आठवडे आहेत. आणि चौथी ओळ: तुमची शेवटची बस किती वाजता सुटते.