ग्वाल्हेर ते वडोदरा रस्त्याने: विक्षिप्त संग्रहालयं आणि वाटेवरची नवलं पाहताना या चुका टाळा

ग्वाल्हेर, इंदूर आणि वडोदरा ही तीन शहरं आपल्या मंडळींच्या नातेवाइकांमुळे आधीच जोडलेली आहेत. लग्नकार्याला जाताना गाडी काढायची आणि जाता जाता शून्याचा शिलालेख, आडवा पडलेला लोहस्तंभ, डायनासोरची अंडी नि देवमाशाचा सांगाडाही पाहून घ्यायचा, असा बेत बरेच जण करतात. तो फसतो तो लांबच्या पल्ल्यामुळे नव्हे. चुकीचा वार, चुकीचं दार, सारख्या नावाचं दुसरंच ठिकाण आणि कुलपाची किल्ली कोणाकडे आहे याचा पत्ता नसणं, एवढ्या चार गोष्टी बेत बुडवतात.

सोमवारी शहरात मुक्काम

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ग्वाल्हेरचा गुजरी महाल, इंदूरचा लालबाग राजवाडा आणि केंद्रीय संग्रहालय, वडोदऱ्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्याच आवारातलं महाराजा फतेसिंह संग्रहालय, बालासिनोरजवळचं डायनासोर संग्रहालय, सगळी सोमवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणाऱ्यांची हमखास फसगत होते. त्यातही ग्वाल्हेरला एक जास्तीची मेख आहे. किल्ल्यावर मानमंदिर राजवाड्यासमोर जे छोटं संग्रहालय आहे ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, आणि त्यांची स्थळ-संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. खाली गुजरी महाल राज्य सरकारचा, तो सोमवारी बंद. एकाच डोंगरावर दोन मालक, दोन सुट्ट्या. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्याची सुट्टी या दोघांशी जोडलेली नाही, म्हणून तिथे निघायच्या आदल्या दिवशी फोन करावा.

उपाय सोपा आहे: सोमवार रस्त्यावर घालवा. शनिवारी ग्वाल्हेर शहर, रविवारी पढावली-बटेश्वर-मितावली (मुरैना जिल्ह्यातली जुनी देवळं), सोमवारी ग्वाल्हेर ते इंदूर सुमारे ५०० किलोमीटर (वाटेत शिवपुरीच्या शिंद्यांच्या छत्र्या), मंगळवारी इंदूर, बुधवारी उज्जैन, गुरुवारी धार आणि मांडव, शुक्रवारी बाघ आणि तिथून दाहोद, शनिवारी बालासिनोर, रविवारी वडोदरा. दुसरा सोमवार आला की चांपानेर, कारण ते बहुतेक उघड्यावरचं आहे. सरकारी सुट्ट्या मात्र वेगळ्या पाहाव्या लागतात. आणि रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास गाडी न्यायचा विचारसुद्धा करू नये. गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी तो भाग गाड्यांचा नसतो.

किल्ल्यावर गाडीने चढलात तर शून्य खालीच राहतं

ग्वाल्हेरला गाडी किल्ल्यावर जाते ती पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने. त्या बाजूला कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती दिसतात, म्हणून कोणाला काही राहून गेल्याची शंकाही येत नाही. पण चतुर्भुज मंदिर पूर्वेच्या चढावर आहे, गणेश दरवाजा आणि लक्ष्मण दरवाजा यांच्या दरम्यान, आणि त्या वाटेने गाडी जात नाही. एकाच दगडात कोरलेल्या या लहानशा देवळात संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा, शिलालेख आहे. त्यात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बागेचं दान आणि रोज द्यायच्या ५० माळांचा उल्लेख आहे. शून्य २७० मध्येही आहे आणि ५० मध्येही.

तिथे पोचूनही निराश होणारे पुष्कळ. दोन कारणं: एक, देऊळ बहुधा कुलूपबंद असतं, दोन, लोक मोठं ठसठशीत शून्य शोधतात. प्रत्यक्षात ते शेजारच्या आकड्यांपेक्षा लहान आणि जरा वर उचललेलं वाटोळं आहे. आधी २ आणि ७ ओळखा, त्यांच्या उजवीकडे पाहा. फोनचा दिवा समोरून मारू नका, एका बाजूने तिरका धरला की अक्षरांच्या कडा उठून दिसतात. फ्लॅश उपयोगाचा नाही.

बरोबर क्रम असा: चालकाने सगळ्यांना खाली पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजाशी सोडावं. लगतचा गुजरी महाल पाहावा. तिथल्या कर्मचाऱ्याला चतुर्भुज मंदिर उघडं आहे का आणि नसेल तर किल्ली कोणाकडे, हे तिथेच विचारावं. मग पायी चढावं. गाडी दरम्यान उरवाईकडून वर येते आणि मानमंदिराशी भेट होते. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना गाडीतच राहू द्या, चढ खडा आहे.

गुजरी महालातही एक चूक ठरलेली. दालनं फिरून लोक बाहेर पडतात आणि ग्यारसपूरची शालभंजिका पाहायची राहते, कारण ती इतर मूर्तींसारखी मोकळ्यावर ठेवलेली नाही, बंदोबस्तात आहे. विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही. मूर्ती अपेक्षेपेक्षा लहान आहे, हेही आधीच सांगून ठेवतो. त्याच इमारतीत बाघच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत. त्या इथेच नीट पाहा. कारण पुढे कळेल.

नकाशाला नुसतं नाव दिलं

या वाटेवर नावांचा मोठा घोळ आहे. ‘चतुर्भुज मंदिर’ टाकलं की नकाशा ओरछ्याचं भव्य मंदिर दाखवतो, जे ग्वाल्हेरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. ‘चौसष्ट योगिनी’ म्हटलं तर खजुराहो आणि भेडाघाटही समोर येतात. तुम्हाला हवी ती मुरैना जिल्ह्यातली मितावलीची, टेकडीवरची, शंभरेक पायऱ्या चढून जायची गोलाकार. ‘कीर्तिमंदिर’ टाकलंत तर पोरबंदर येऊ शकतं. वडोदऱ्याचं कीर्तिमंदिर गायकवाडांचं स्मारक आहे आणि आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. ‘डायनासोर पार्क’ ही तर खरी फसवी पाटी: गुजरातेत गांधीनगरला इंद्रोडा आहे, इकडे मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातही जीवाश्मांची उद्यानं आहेत. तुम्हाला जायचंय महीसागर जिल्ह्यातल्या रैयोली गावी.

म्हणून नावासोबत गाव आणि जिल्हा टाका, मग नकाशा दाखवतो ते अंतर मनातल्या अंतराशी जुळतं का ते पाहा. रस्त्याचा तो तुकडा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. धार-बाघ पट्ट्यात नेटवर्क दगा देतं.

उज्जैनची छायाघडी ‘चुकीची’ नाही

सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली उज्जैनची वेधशाळा अनेकांना कंटाळवाणी वाटते. कारण सम्राट यंत्रावर, म्हणजे तिथल्या मोठ्या छायाघडीवर, सावली पाहतात, मनगटावरचं घड्याळ पाहतात, जुळत नाही, आणि ‘बंद पडलंय’ म्हणून निघतात.

ते जुळणार नाहीच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे, उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे उज्जैनची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या जवळपास २७ मिनिटं मागे. त्यावर सूर्याच्या वर्षभरातल्या मागेपुढे होण्याची दुरुस्ती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सरासरीच्या १६ मिनिटं पुढे असतो, म्हणून यंत्रावरच्या वेळेत फक्त ११ मिनिटं मिळवायची. फेब्रुवारीच्या मध्यात तो १४ मिनिटं मागे, म्हणून ४१ मिळवायची. यंत्राशी तक्ता लावलेला आहे, तो वाचूनच सावली पाहा. मुलांना हा हिशेब करायला लावला तर तास कसा जातो कळत नाही.

ढगाळ दिवशी इथे येऊ नका. नुसते दगडी कट्टे दिसतील. नाडीवलय यंत्राची (हीही छायाघडीच, दोन बाजूंची) कोणती बाजू उजळलेली असेल तेही आधी ठरतं: मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत उत्तरेची, उरलेल्या सहा महिन्यांत दक्षिणेची. आणि वेधशाळेसाठी श्रावणातला सोमवार निवडलात तर महाकालाच्या गर्दीत अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

इंदूर: आपलंच गाव म्हणून घाई

इंदूरकर पाहुण्यांना पोहे-जिलबी आणि सराफ्याच्या खाऊबाजारात अडकवतात आणि काचमंदिर ‘कधीही होईल’ म्हणून शेवटी ठेवतात. सराफा रात्रीचा, काचमंदिर दिवसाचं. शेठ हुकुमचंदांनी इतवारिया बाजारात बांधलेल्या या जैन मंदिरात भिंती, खांब, छत, जमीन, सगळीकडे काच आहे. ते चालू मंदिर आहे, म्हणून आत छायाचित्रांचा हट्ट नको. गाडी त्या गल्लीत घालू नये. लांब लावून ई-रिक्षाने किंवा पायी जावं. लालबागेत आतलं इटालियन संगमरवर पाहून लोक खूश होतात, पण बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर इंग्लंडात ओतून आणलेलं लोखंडी फाटक मागेच राहतं. त्यासाठी वेगळी पंधरा मिनिटं धरा.

धारचा स्तंभ वर पाहून सापडत नाही

लाट मशिदीपाशी पोचून ‘स्तंभ कुठाय?’ विचारणारे रोज भेटतील. तो उभा नाही. तीन तुकडे ओट्यावर आडवे ठेवलेत. २४ फूट ३ इंच, ११ फूट ७ इंच आणि ७ फूट ६ इंच, मिळून ४३ फूट ४ इंच, म्हणजे दिल्लीच्या लोहस्तंभापेक्षा बराच लांब. पाहायचं काय ते ठरवून जा: खालचा भाग चौकोनी आहे आणि वरचा अष्टकोनी, अंगावर ठिकठिकाणी भोकं आहेत, आणि अकबराच्या काळातला १५९८ चा लेख आहे. वीस मिनिटं पुरतात. दुपारी लोखंड तापतं, लहान मुलांना हात लावू देऊ नका.

धारहून मांडव ३५ किलोमीटर. पावसाळ्यातल्या रविवारी जुन्या दरवाजांतून एकेक गाडी सरकते आणि धुक्यात काही दिसत नाही, म्हणून मधला वार बरा. रस्त्याकडेची गोरखचिंचेची फुगीर झाडं पाहायची असतील तर ऋतू ठरवून या: पानं हवीत तर पावसाळ्यात, बिनपानांची बोडकी सांगाड्यासारखी रूपं नि लटकलेली फळं हवीत तर हिवाळ्यात. विक्रेत्याकडून फळ घेतलंत तर आतला पांढरा आंबट गर खायचा, बिया टाकायच्या. झाडावर नावं कोरू नका.

बाघला रंगीत भिंती शोधणं

बाघच्या गुंफा पाहून ‘यात काय आहे?’ म्हणणाऱ्यांची तक्रार खरी आहे, पण तयारी अपुरी असते. नऊपैकी पाचच गुंफा शिल्लक आहेत, आणि उरलेली भित्तिचित्रं संवर्धनासाठी भिंतींवरून काढली गेली, तो उद्योग १९८२ पासूनचा. ग्वाल्हेरच्या प्रतिकृती आधी पाहिल्या असतील तरच चौथ्या गुंफेतल्या, म्हणजे रंगमहालातल्या, पुसट रेषांना अर्थ येतो. उलट दिशेने, वडोदऱ्याहून निघालात तर प्रतिकृतींची छायाचित्रं फोनमध्ये घेऊन या. विजेरी हवी, फ्लॅश नको. आत पाणी झिरपतं, चपला घसरतात.

सरहद्दीवरची बाटली

झाबुआ सोडून पिटोलपाशी गुजरातेत शिरताना गाडीत मध्य प्रदेशात घेतलेली दारू असेल, अर्धी उघडलेली असेल, विसरून डिकीत राहिली असेल, तरी गुन्हा तोच. गुजरातेत दारूबंदी आहे आणि तपासणी होते. निघायच्या आधी डिकी रिकामी करून पाहा, मित्रांच्या पिशव्यांसकट. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, तेही इथेच पाहून घ्या.

रैयोली: दगड आणि हाड

गोध्र्याहून बालासिनोरकडे वळावं लागतं, सरळ हालोलला गेलात की रैयोली राहतं. इथल्या जीवाश्मांवरून ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ ही जात २००३ साली जाहीर झाली, संग्रहालय २०१९ चं. चूक अशी की लोक आधी उघड्या जीवाश्म-उद्यानात जातात आणि त्यांना सगळे दगडच दिसतात. आधी संग्रहालय, मग वाटाड्यासह मैदान. अंडं ओळखायचं ते गोल आकारावरून आणि कवचाच्या पातळ थरावरून. वाटाड्या ओल्या फडक्याने पुसून दाखवतो तेव्हा फरक कळतो. खडा उचलून खिशात टाकणं हा गुन्हा आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार मैदानात उतरू नका, सावली नाही.

चांपानेर आणि वडोदरा

हालोलहून चांपानेरकडे जाताना गावात शिरण्याआधी एक पेचदार वाव आहे: विहिरीच्या भिंतीला लागून सव्वा मीटर रुंदीचा जिना गोल गोल खाली उतरतो. सोळाव्या शतकातली. गाडी ताशी साठने पळत असेल तर नजरेतून सुटते, म्हणून चांपानेरच्या अलीकडे वेग कमी करा आणि स्थानिकांना विचारा. दोन्ही नवरात्रांत पावागडची गर्दी असते, तेव्हा हा भाग टाळावा.

वडोदऱ्यात कमाटीबागेतलं १८९४ चं संग्रहालय एका तासात ‘उरकणाऱ्यांना’ देवमाशाचा सांगाडा दिसतो, इजिप्तची ममी मात्र निसटते. दोन तास ठेवा आणि आत शिरताच ‘ममी कुठल्या दालनात?’ हे विचारून घ्या. फतेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रं आहेत. बाहेर राजपुत्रांच्या छोट्या आगगाडीचं इंजिनही आहे, ते बघायला विसरतात. रेल्वेच्या वेडाने आलेल्यांनी डभोईला जावं. १८६२ साली खंडेराव गायकवाडांच्या राज्यात तिथून मियागामपर्यंत बैलांनी ओढलेली अरुंद मापाची गाडी धावली, रुळांतलं अंतर अडीच फूट. जुनी इंजिनं प्रतापनगरच्या रेल्वे वारसा उद्यानात आहेत.

अॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेल्या घुमटाचं दक्षिणामूर्ती मंदिर लष्करी हद्दीत आहे. ओळखपत्र गाडीत नव्हे, खिशात असू द्या, आणि फाटकातून आत शिरल्यावर मोबाइल काढू नका; पहारेकरी सांगेल तेवढंच.

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याला जाताना गाडी गल्लीबाहेरच थांबवा. चार मजली लाकडी वाडा आहे, जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे. भिंतींवरची चित्रं वरच्या मजल्यावर आहेत, म्हणून खालचा चौक पाहून परतू नका. रखवालदार जेवायला गेला असेल तर समोरच्या दुकानात विचारा आणि तोवर थांबायची तयारी ठेवा. संध्याकाळी चारनंतर पोचलात तर वर अंधार असतो, त्यामुळे हा वाडा सकाळच्या यादीत टाका.